‘ओक्जा’ पाहून झाल्यावर हमखास विचारले जाणारे प्रश्न

कोरियन दिग्दर्शक बोंग जून-हो यांचा ‘ओक्जा’ २८ जून २०१७ रोजी नेटफ्लिक्सवर आला. तेव्हापासून भेटेल त्याला मी तो बघायला सांगत आले आहे. सांगितलं की दोन-तीन दिवसांत फोन येतो. कुणी चिडलेलं असतं, कुणाचा घसा दाटलेला असतो, कुणाला आपली फसवणूक झाली असं वाटत असतं. प्रश्न मात्र साधारण तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरांमध्ये चित्रपटाचा शेवटही आला आहे, तेव्हा पाहिला नसेल तर आधी पाहून या.

गोष्ट थोडक्यात काय आहे?

मीजा ही कोरियाच्या डोंगरात आजोबांजवळ वाढलेली पोरकी मुलगी. तिच्या घरी ओक्जा नावाचं हत्तीच्या तोलाचं डुक्कर आहे. दहा वर्षं दोघी एकत्र खेळल्या, एकत्र झोपल्या. पण ओक्जा त्यांच्या मालकीची नाही. मिरांडो नावाच्या अमेरिकी कंपनीने २००७ साली ‘महाडुकरां’ची २६ पिल्लं २६ देशांतल्या शेतकऱ्यांकडे वाढवायला दिली होती, त्यातली ती एक. दहा वर्षांची मुदत संपते, कंपनीची माणसं येतात आणि सर्वांत उत्तम महाडुक्कर म्हणून ओक्जाला सोलमार्गे न्यूयॉर्कला घेऊन जातात. मीजा तिच्या मागे निघते. पुढचा सगळा चित्रपट म्हणजे हा पाठलाग.

हा लहान मुलांचा चित्रपट आहे का? किती वर्षांच्या मुलांना दाखवावा?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, आणि बहुतेक वेळा उशिरा येतो. पोस्टरवर एक मुलगी आणि एक गुबगुबीत प्राणी दिसतो, म्हणून लोक सहा-सात वर्षांच्या मुलांना घेऊन बसतात. पहिला अर्धा तास अगदी तसाच आहे. ओक्जा झाडाला धडक देऊन मीजासाठी फळं पाडते, डोहात उडी मारून मासे बाहेर उडवते, तिच्या पोटावर मीजा गाढ झोपते. मग चित्रपट शहरात येतो आणि हळूहळू अंधारत जातो.

अमेरिकेत नेटफ्लिक्सने याला प्रौढांसाठीचं मानांकन दिलं, ते उगीच नव्हे. शिव्या भरपूर आहेत, पण मला काळजी शिव्यांची वाटत नाही. तीन प्रसंग आधीच माहीत असू द्या. पहिला, प्रयोगशाळेत ओक्जावर जबरदस्तीने नर सोडतात. दुसरा, टीव्हीवरचा प्राणितज्ज्ञ डॉ. विल्कॉक्स जिवंत जनावराच्या अंगातून चवीसाठी मांसाचे नमुने काढतो. तिसरा, शेवटाकडचा कत्तलखाना.

माझी भाची बारा वर्षांची असताना आम्ही दोघींनी एकत्र पाहिला. प्रयोगशाळेचा प्रसंग सुरू झाला तसं ती म्हणाली, “मावशी, थांबव.” मी थांबवला. ती उठून आत गेली, पाणी प्यायली, परत येऊन उशी मांडीवर घेऊन बसली आणि म्हणाली, “आता लाव.” माझं मत विचाराल तर बारा-तेराच्या पुढच्या मुलांना जरूर दाखवा, पण शेजारी बसून दाखवा. थांबवायची मुभा त्यांच्या हातात द्या. त्याहून लहान मुलांना इतक्यात नको, त्यांच्यासाठी हा चित्रपट कुठे पळून जात नाही.

ओक्जा नक्की कोणता प्राणी आहे? ती डुकरासारखी दिसतच नाही.

खरं आहे. अंग पाणघोड्याचं, चेहरा समुद्रगाईचा, कान डुलणारे, आणि वागणं घरातल्या जुन्या कुत्र्याचं. डुक्कर म्हणावं असं तिच्यात फार थोडं आहे. तिची रचना जांग ही-चोल या कलाकाराने केली. बोंग यांच्या २००६ सालच्या ‘द होस्ट’मधला नदीतला राक्षसही जांग यांचाच. समुद्रगाईचा चेहरा ही मला फार विचार करून केलेली निवड वाटते. तो चेहरा कायम थोडा ओशाळलेला, कुणाला त्रास न देणारा असतो.

काही प्रेक्षक म्हणतात की ही चलाखी आहे, प्राणी गोंडस केला की रडवणं सोपं. मला हे पटत नाही. ओक्जा गोंडस आहेच, पण ती शेणाच्या गोळ्या फटाफट उडवते, घोरते, तिची कातडी जाड आणि सुरकुतलेली आहे. मीजा तिच्या तळपायातला काटा काढते तो प्रसंग नीट पाहा. आपल्याकडे बैलाच्या खुरातला खडा ज्या सवयीने काढतात, अगदी त्याच सवयीने ती तो काढते. लाड नाहीत, कौतुक नाही, रोजचं काम आहे. प्रेम गोंडसपणातून आलेलं नाही, रोजच्या कामातून आलेलं आहे.

चित्रीकरणाच्या वेळी समोर काही असायचं, की सगळं संगणकावर केलं?

समोर असायचं. फोमचे मोठमोठे तुकडे केलेले होते, कुठे नुसतं डोकं, कुठे अंगाचा भाग, आणि ते हलवायला माणूस असे. म्हणून मीजा जेव्हा ओक्जाला मिठी मारते तेव्हा तिचे हात खरंच कशात तरी रुतलेले दिसतात. नंतर त्या जागी संगणकावरची ओक्जा आली. त्या कामाचे प्रमुख होते एरिक-यान दे बूर. ‘लाइफ ऑफ पाय’मधल्या वाघासाठी ज्यांना ऑस्कर मिळालं त्यांच्यातले ते एक.

ओक्जाचा आवाज ली जंग-उन या अभिनेत्रीचा आहे. ‘पॅरासाइट’मधली घर सांभाळणारी बाई आठवते ना, तीच. हे कळल्यावर ओक्जाचं कण्हणं मी पुन्हा ऐकलं. माणसाचा श्वास त्यात आहे, हे जाणवतं.

मीजा झालेली मुलगी कोण?

आन सो-ह्यन. चित्रीकरणाच्या वेळी ती बारा वर्षांची होती, पण अगदी नवखी नव्हती, २०१० सालीच तिने कोरियन चित्रपटात काम केलं होतं. आजोबा झालेले ब्यन ही-बोंग हे बोंग यांच्या २००० सालच्या पहिल्या चित्रपटापासूनचे सोबती. २०२३ साली ते वारले.

मुलीला गोड दाखवायचा मोह कुणी आवरला असेल तर तो इथे. मीजा क्वचितच हसते. सोलच्या कचेरीत काचेचं दार उघडत नाही म्हटल्यावर ती मागे सरते आणि खांद्याने ते दार फोडून आत शिरते. त्या आधी घरातली पैसे साठवायची डुकराची गल्लेपेटी फोडून निघालेली असते. काही जणांना ती कोरडी वाटते. मला ती आमच्या गावाकडच्या मुलींसारखी वाटते, ज्यांना रडायला सवड नसते.

मीजा ओक्जाच्या कानात काय सांगते?

ते आपल्याला ऐकू येत नाही. ती तो मोठा डुलणारा कान हाताने उचलते, तोंड आत नेते आणि काहीतरी कुजबुजते. चित्रपट ते शब्द प्रेक्षकाला देत नाही.

इंटरनेटवर यावर पुष्कळ तर्क चालतात. मला विचाराल तर ते शब्द शोधूच नयेत. माझ्या आईला मी हा चित्रपट गावी दाखवला तेव्हा या प्रसंगाला तिने मला काहीही विचारलं नाही. एरवी दर दोन मिनिटांनी “काय म्हणतेय ती?” चाललं होतं. नंतर जेवताना तिने सांगितलं की तिच्या लहानपणी घरी एक म्हैस होती, ती फक्त आजीला पान्हा घालायची. आजी धार काढायला बसण्याआधी तिच्या कानाशी जाऊन काहीतरी पुटपुटायची. काय ते घरात कुणालाच माहीत नव्हतं, आणि कुणी विचारायचंही नाही.

हा मांसाहाराविरुद्धचा प्रचार आहे का?

इथे भांडणं होतात. शाकाहारी मित्र म्हणतात, बघा, आता तरी सोडा. मांसाहारी मित्र म्हणतात, आम्हाला दोषी ठरवायला काढलेला चित्रपट. दोघांनीही पहिला अर्धा तास नीट पाहिलेला नसतो.

मीजा मांसाहारी आहे. डोहातून मासे पकडून घरी आणते, आणि पकडलेलं लहान पिल्लू परत पाण्यात सोडते. कोंबडीचा रस्सा तिच्या आवडीचा. आजोबा अंगणात कोंबड्या पाळतात, त्या कशाला पाळतात हे तिला पक्कं ठाऊक आहे. आपल्या कोकणात किंवा घाटावर कुठल्याही शेतकऱ्याच्या घरात असतं तसंच हे घर. चित्रपटाला या घराशी भांडायचं असतं तर त्याने ते एवढ्या मायेने दाखवलं नसतं.

त्याचं भांडण आहे ते कारखान्याशी. चित्रपटाच्या तयारीसाठी बोंग अमेरिकेत कोलोरॅडोमधला एक मोठा कत्तलखाना पाहून आले. त्यानंतर सुमारे दोन महिने त्यांनी कोणताही प्राणिज पदार्थ खाल्ला नाही. मग कोरियात परतल्यावर गल्लोगल्ली मांस भाजलं जातं, त्या वासापुढे त्यांचा निश्चय टिकला नाही. हे त्यांनी स्वतः मुलाखतींत सांगितलं आहे. मला हा प्रामाणिकपणा मोलाचा वाटतो, कारण चित्रपटातही तोच आहे.

मी स्वतः मासे खाते. ‘ओक्जा’ पाहून मी ते सोडले नाहीत. पण दुकानातल्या गारठलेल्या पेटीत फोमच्या ताटलीवर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले तुकडे दिसले की माझा हात आता आपोआप थांबतो. ज्या जिवाचं तोंड कधी कुणी पाहिलंच नाही, तो असा पेटीत येतो. बाजारात कोळीण समोर बसून मासा कापते, तिच्याशी घासाघीस होते, तेव्हा निदान आपण काय करतोय ते समोर असतं.

सुरुवात इतकी सुंदर, मग मध्येच सर्कस का होते?

ही तक्रार मी गंभीरपणे घेते, कारण यात तथ्य आहे. डोंगरातला भाग शांत आहे, सोलमधला पाठलाग धमाल आहे, आणि न्यूयॉर्कमध्ये गेल्यावर सगळेच ओरडू लागतात. सगळ्यांत जास्त टीका झाली ती जेक जिलेनहाल यांनी केलेल्या डॉ. विल्कॉक्सवर. अर्धी चड्डी, किरटा आवाज, सतत हातवारे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मलाही टीव्हीचा आवाज कमी करावासा वाटला होता. आजही ती भूमिका एक पट्टी खाली हवी होती असंच माझं मत आहे.

पण चढा सूर चुकून लागलेला नाही. डोंगरात बोलणं कमी आणि काम जास्त. मिरांडोच्या जगात बोलणंच बोलणं, जाहिरात, मिरवणूक, फुगे, पडदे. मीजाला त्यातला एक शब्द कळत नाही. तिच्या कानांनी ऐकलं तर ती माणसं अशीच दिसणार. आणि कोरियन चित्रपटात एकाच प्रसंगात हसवून लगेच रडवणं नवीन नाही. तमाशात गणगौळण आणि वग एकाच रात्री बघणाऱ्या आपल्या लोकांना तरी ते परकं वाटू नये.

टिल्डा स्विंटन यांनी दोन भूमिका केल्या आहेत का?

होय, मिरांडो कंपनीच्या मालकीण असलेल्या जुळ्या बहिणी. ल्युसी आणि नॅन्सी. ल्युसीला जगाने आपल्याला चांगलं म्हणावं असं वाटतं, म्हणून ती खोटं बोलते. नॅन्सीला कुणाच्या मताची पर्वा नाही, म्हणून तिला खोटं बोलायची गरजच पडत नाही. मला नॅन्सीची भीती जास्त वाटली.

ट्रकमधला तो अनुवादाचा प्रसंग मला नीट कळला नाही. नक्की काय होतं?

माझ्या मते हा चित्रपटाचा कणा आहे, म्हणून थोडं विस्ताराने.

प्राणी मुक्त करणाऱ्या गटाची माणसं ओक्जाला ट्रकमधून सोडवतात. त्यांचा पुढारी जे (पॉल डॅनो) मीजाला योजना सांगतो. ओक्जाच्या कानातल्या खुणेत छुपा कॅमेरा लावायचा, तिला कंपनीच्या ताब्यात परत जाऊ द्यायचं, आणि प्रयोगशाळेत काय चालतं ते जगाला दाखवायचं. पण मीजाची संमती असेल तरच. जे इंग्रजीत बोलतो, गटातलाच के (स्टीवन यून) ते कोरियनमध्ये सांगतो. मीजा म्हणते, मला ओक्जाला घेऊन डोंगरात परत जायचंय. के क्षणभर थांबतो आणि इंग्रजीत सांगतो, ती तयार आहे.

या एका खोट्या वाक्यावर पुढचं सगळं उभं आहे. प्रयोगशाळा, जबरदस्ती, कत्तलखाना, सगळं. आणि ते वाक्य खलनायकाने उच्चारलेलं नाही. चांगल्या हेतूच्या, घाईत असलेल्या माणसाने उच्चारलं आहे.

आता गंमत ऐका. ट्रकमधून उडी मारण्याआधी के मीजाकडे वळून कोरियनमध्ये काहीतरी म्हणतो. इंग्रजी उपशीर्षकात दिसतं की, मीजा, इंग्रजी शीक, नवी दारं उघडतील. प्रत्यक्षात तो म्हणतो, माझं नाव कू सुन-बम. म्हणजे ज्याला दोन्ही भाषा येतात त्यालाच कळतं की या क्षणी उपशीर्षकही खोटं बोलतंय. मीजाला जसं फसवलं तसंच आपल्यालाही.

पुढे मीजा विमानात इंग्रजी शिकायचं पुस्तक उघडून बसलेली दिसते. आणि के परत येतो तेव्हा त्याच्या हातावर गोंदवलेलं असतं की अनुवाद पवित्र असतो.

ती प्राणी सोडवणारी माणसं चांगली की वाईट?

चांगली, आणि त्यांच्या हातून वाईट घडतं. प्राणिमुक्ती आघाडी या नावाचा गट खरोखर आहे, १९७६ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेला. चित्रपटातली माणसं त्याच नावाने वावरतात. त्यांच्यातला एक मुलगा पृथ्वीवर आपला भार नको म्हणून जवळजवळ काही खातच नाही आणि चक्कर येऊन पडतो. जे हा अहिंसेची भाषा बोलतो आणि खोटा अनुवाद झाला हे कळल्यावर ‘के’ला लाथाबुक्क्यांनी तुडवतो. काही प्रेक्षकांना यात कार्यकर्त्यांची टिंगल वाटते. मी काही वर्षं एका प्राणिमित्र गटाबरोबर काम केलं आहे, मला त्यात टिंगल दिसली नाही. मुक्या जिवांचं दुःख रोज पाहणाऱ्या माणसाच्या आत किती राग साठतो, ते मी पाहिलं आहे.

याच भागात तो ट्रकचालक येतो, सोलमधला तरुण पोरगा. अवजड वाहनाचा परवाना आहे का, असं साहेब विचारतो. परवाना आहे, पण कामगार विमा नाही, असं तो सांगतो. नंतर ट्रकमधून ओक्जा पळवली जाते तेव्हा त्याला त्याचं काहीही वाटत नाही. कंत्राटी नोकरी केलेल्या कुणालाही हा मुलगा लगेच ओळखीचा वाटेल.

‘ओक्जा’ आणि ‘मीजा’ या नावांना काही अर्थ आहे का?

दोन्ही जुन्या वळणाची नावं आहेत, आज्यांच्या पिढीतली. आजच्या दहा-बारा वर्षांच्या मुलीचं नाव ठकूबाई किंवा भागीरथी ठेवावं आणि तिच्या डुकराचं द्वारका, तसं कोरियन कानाला वाटतं. इंग्रजी उपशीर्षकात हे हरवतं.

फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात याला हुर्यो मिळाली म्हणतात, ते का?

हुर्यो चित्रपटाला मिळाली नाही, नेटफ्लिक्सच्या चिन्हाला मिळाली. मे २०१७ मध्ये कानच्या मुख्य स्पर्धेत ‘ओक्जा’ होता. फ्रान्समधल्या चित्रपटगृहांत न येता थेट घरच्या पडद्यावर जाणारा चित्रपट स्पर्धेत कसा, हा तिथल्या चित्रपटगृहवाल्यांचा आक्षेप होता. त्यात पहिल्या खेळाला चित्र पडद्यावर नीट बसवलं नव्हतं, पात्रांची डोकी वरून कापली जात होती. काही मिनिटांनी खेळ थांबवून पुन्हा पहिल्यापासून लावावा लागला, आणि महोत्सवाने चूक कबूल करून माफी मागितली. चित्रपट संपल्यावर मात्र लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

२०१८ पासून कानने नियमच केला की स्पर्धेत यायचं तर फ्रान्समधल्या चित्रपटगृहांत यायची हमी हवी. ‘ओक्जा’नंतर दोनच वर्षांनी, २०१९ मध्ये, याच दिग्दर्शकाला ‘पॅरासाइट’साठी कानचा सर्वोच्च सन्मान मिळाला.

कोरियात तो थिएटरमध्ये लागला होता का?

लागला, पण मोठ्या साखळ्यांमध्ये नाही. घरच्या पडद्यावर त्याच दिवशी येणारा चित्रपट आम्ही लावणार नाही, असं तिथल्या तिन्ही मोठ्या मल्टिप्लेक्स कंपन्यांनी सांगितलं. मग तो छोट्या, स्वतंत्र चित्रपटगृहांत लागला, आणि लोक तिथे गेले.

मोबाइलवर पाहिला तर चालेल का?

शक्यतो नको. छायाचित्रणकार दारियस खोंजी यांनी डोंगरातलं धुकं आणि ओक्जाचं आकारमान मोठ्या पडद्यासाठी टिपलं आहे. कड्यावरचा प्रसंग घ्या. मीजा घसरून दोराला लोंबकळते आणि ओक्जा स्वतःचं वजन वापरून तिला वर खेचते, त्यात स्वतः खाली झाडीत कोसळते. तिथे जनावराचं वजन जाणवलं पाहिजे. पाच इंचांत ती बाहुली वाटते. टीव्ही नसेल तर निदान लॅपटॉप घ्या, आणि कानाला हेडफोन लावा.

अशी जनुकं बदललेली जनावरं खरंच खाल्ली जातात का?

महाडुक्कर ही कल्पना आहे. पण २०१५ साली अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने लवकर वाढणाऱ्या, जनुक बदललेल्या सामन माशाला खाण्यासाठी मान्यता दिली. असा मान मिळालेला तो पहिला प्राणी. म्हणजे चित्रपट येईपर्यंत गोष्ट फार दूरची राहिली नव्हती.

चित्रपटात ल्युसी सांगते की हे डुक्कर चिलीमधल्या एका शेतात निसर्गतःच सापडलं. खरं तर ते न्यू जर्सीतल्या प्रयोगशाळेत तयार झालेलं असतं. माझ्या ओळखीतल्या विदर्भातल्या एका कापूस शेतकऱ्याला गोष्टीतला हाच भाग सर्वांत जवळचा वाटला. २००२ साली आपल्याकडे बीटी कापसाला परवानगी मिळाली, तेव्हापासून दरवर्षी बियाणं विकत घेणारा हा माणूस. तो म्हणाला, जनुकाचं मला काही नाही, पण पाकिटावर काय आहे ते खरं लिहा.

शेवटी मीजा फक्त ओक्जाला घेऊन येते. बाकीच्या डुकरांचं काय? हा स्वार्थ नाही का?

माझ्या मावसभावाने या एका प्रश्नावर माझ्याशी तासभर वाद घातला आणि तो रागातच घरी गेला. त्याचा राग मला समजतो.

आधी काय होतं ते पाहू. कत्तलखान्यात ओक्जा रांगेत पुढे आलेली असते. मीजा तिथल्या कामगाराला एक फोटो दाखवते, त्यात ती आणि पिल्लू असलेली ओक्जा आहे. त्याचा हात थांबतो. माणसाचा हात थांबतो, कंपनी थांबत नाही. नॅन्सी येते. जिवंत डुकराचा तिला काय उपयोग? तेव्हा मीजा नव्याने शिकलेल्या इंग्रजीत सांगते की मला ओक्जा विकत घ्यायची आहे, जिवंत. आणि आजोबांनी दिलेलं सोन्याचं डुक्कर ती पुढे टाकते. आजोबांनी ओक्जाला विकत घेण्यासाठी पैसे साठवले होते, कंपनीने विकायला नकार दिला, म्हणून त्या पैशांचं हे सोनं केलेलं. नॅन्सी ते घेते. सौदा पुरा.

विनंतीने, फोटोने, आंदोलनाने, जगभर दाखवलेल्या चित्रफितीने जे झालं नाही, ते सोन्याने झालं. ‘इंग्रजी शीक, नवी दारं उघडतील’ म्हणणाऱ्या त्या खोट्या उपशीर्षकाचं खरं उत्तर हे आहे. मीजा इंग्रजी शिकली, आणि त्या भाषेत तिला उपयोगी पडलं ते एकच वाक्य, खरेदीचं.

मग ती ओक्जाला घेऊन बाहेर पडते. दोन्ही बाजूंना कुंपणामागे शेकडो महाडुकरं उभी आहेत. एक जोडपं आपलं पिल्लू कुंपणाखालून बाहेर ढकलतं आणि ओक्जा ते तोंडात लपवते. मागे बाकीची हंबरत राहतात.

मावसभाऊ म्हणाला, तिने त्यांच्यासाठी काहीतरी करायला हवं होतं. मी म्हटलं, ती चौदा-पंधरा वर्षांची आहे आणि तिच्याजवळचं सगळं सोनं संपलेलं आहे. तिच्याकडून आपण जे मागतोय ते आपल्यापैकी कुणी केलंय? तिचं ओक्जावरचं प्रेम बाकीच्यांना वाचवू शकलं नाही, हे खरंच आहे, आणि चित्रपट ते लपवत नाही. तो आपल्याला तिच्याबरोबर त्या कुंपणाच्या कडेने पूर्ण चालायला लावतो, मध्ये कापत नाही. तरीही ते प्रेम खोटं किंवा छोटं ठरत नाही. ही दोन्ही वाक्यं मला एकत्र धरता येतात. मावसभावाला अजून येत नाहीत.

श्रेयनामावलीनंतर काही आहे का?

आहे. प्राणिमुक्ती गटाचा पुढारी जे तुरुंगातून सुटतो आणि गट पुन्हा एकत्र जमतो. ते न पाहता उठू नका.

घरातल्या मोठ्यांना इंग्रजी उपशीर्षकं वाचता येत नाहीत. त्यांना कसा दाखवावा?

चित्रपट अर्धा कोरियन, अर्धा इंग्रजी. कोणाला कोणाची भाषा कळत नाही हाच त्याचा विषय, त्यामुळे सगळं एकाच भाषेत ऐकू आलं तर ट्रकमधला तो प्रसंग हातचा जातो. मी आईशेजारी बसून एकेक वाक्य मराठीत सांगत गेले. मध्ये मध्ये थांबवावं लागतं, दोन तासांचे साडेतीन तास होतात. पण तुम्ही सांगता ते ऐकून त्या माणसाचा चेहरा कसा बदलतो ते तुम्हाला दिसतं.

एक कबूल करते. कत्तलखान्यात पोहोचलो तेव्हा नॅन्सी जे बोलते ते आईला सौम्य करून सांगावं असं मला फार वाटलं. आईच्या घरची ती म्हैस आजी गेल्यावर बाजारात विकली होती. विकताना दावं द्यायचं नसतं म्हणून तिच्या वडिलांनी ते सोडवून घरी आणलं, आणि ते बरीच वर्षं गोठ्यातल्या खुंटीला होतं, हे तिने मला त्याच दुपारी सांगितलं होतं. आईने पडद्यावरची नजर न काढता विचारलं, “काय म्हणाली ती बाई?”

मी ते होतं तसंच सांगितलं.